घरगुती यंत्रांची दुरुस्ती आणि न दिसणारे धोके



आज आपल्याशीं बोलावयाचा विषय वरवर पाहतां अगदीं लहान आहे. घरांत गाणीं ऐकण्याचें एखादें यंत्र बिघडलें, म्हणजे तें स्वतः उघडून पाहणाऱ्या मनुष्यानें कोणती काळजी घ्यावी, एवढाच तो विषय. उदाहरणादाखल मी तबकडी वाजविणारें यंत्र, म्हणजे ज्यास आपण सीडी प्लेअर म्हणतों, तें घेणार आहें. कारण, या एकाच पेटींत तीन निरनिराळ्या प्रकारचे धोके एकत्र नांदतात. आणि ते ज्याला नीट समजले त्याला घरांतील इतर विद्युत्-यंत्रांशीं कसें वागावें हेंही बरेंचसें समजतें.

तबकडीचें हें यंत्र प्रथम १९८२ सालीं जपानांत विक्रीस आलें. पुढील पंचवीस-तीस वर्षांत तें आपल्याकडील अनेक घरांतून पोहोंचलें. आज गाणें ऐकण्यासाठीं बहुतेक लोक खिशांतला फोन काढतात हें खरें. परंतु कपाटाच्या खणांत जुन्या तबकड्या अजून जपून ठेवलेल्या असतात. कोणाच्या घरीं आजोबांनीं म्हटलेल्या अभंगांचें ध्वनिमुद्रण असतें, कोणाकडे मुलीच्या लग्नांतलें सनईवादन असतें, कोणाकडे गांवच्या गणेशोत्सवांत झालेली मैफल असते. अशा तबकडीची दुसरी प्रत पुष्कळदां कोठेंच नसते. ती ऐकण्याची इच्छा व्हावी, यंत्र माळ्यावरून खालीं काढावें, आणि त्यानें दोनदां खरखर करून गप्प बसावें, असा अनुभव अनेकांस येतो. पूर्वीं असलें यंत्र घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जातां येई. हल्लीं तसा कारागीर सहज भेटत नाहीं. जो भेटतो तो सुटे भाग मिळत नाहींत म्हणून हात जोडतो. मग घरांतील एखादा मुलगा किंवा नात स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेते. त्यांच्या उत्साहावर पाणी ओतावें असा माझा हेतु नाहीं. आपल्या हातांनीं वस्तु दुरुस्त करणें हा उत्तम गुण आहे. फक्त, झांकण उघडण्यापूर्वीं आंत काय आहे हें ठाऊक असावें, एवढेंच माझें मागणें आहे.

आपल्या नित्याच्या वापरांतील बहुतेक धोके आपणांस आगाऊ सूचना देतात. विळीची धार डोळ्यांस दिसते. तापलेला तवा जवळ हात नेतांच आंच देतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. म्हणून गळती कळावी यासाठीं त्यांत उग्र वासाचें द्रव्य मुद्दाम मिसळतात. विजेच्या बाबतींत अशी सोय नाहीं. वीज खेळत असलेली तार आणि नसलेली तार यांच्या रंगरूपांत तिळमात्र फरक दिसत नाहीं. तबकडी वाचणाऱ्या प्रकाशकिरणाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. तो प्रकाश असूनही डोळ्यांस जवळजवळ दिसत नाहीं. म्हणून या कामांत 'सांभाळून करा' असें नुसतें सांगून भागत नाहीं. मनुष्य सांभाळतो तो आपल्या इंद्रियांच्या भरंवशावर, आणि येथें तर इंद्रियें मुकीं आहेत. त्यांची उणीव ठरलेल्या क्रमानें भरून काढावी लागते. तो क्रम कोणता, हें आतां पाहूं.

पहिला धोका भिंतींतून येणाऱ्या विजेचा. आपल्या देशांत घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. जर्मनींतील ओहम या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं जो नियम प्रसिद्ध केला, तो आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंत पाठ केला असेल. दाबास रोधानें भागलें असतां प्रवाह मिळतो, हा तो नियम. हा ओहम स्वतः शाळामास्तर होता. त्याचा नियम मनुष्याच्या शरीरासही लागूं पडतो. कातडी कोरडी असेल तर शरीराचा रोध पुष्कळ असतो. पण घामानें किंवा पाण्यानें हात ओले झाले म्हणजे तो हजार ओहमच्या आसपास उतरूं शकतो. २३० ला १००० नें भागा. उत्तर येतें ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. आतां पुढील आंकडे ऐका. सुमारें एक मिलिअँपिअर प्रवाहानें बोटांस झिणझिण्या येतात. दहा-पंधरा मिलिअँपिअर झाले कीं स्नायु आवळले जातात, आणि धरलेली तार इच्छा असूनही सोडवत नाहीं. तीस मिलिअँपिअरच्या पुढें श्वास आणि हृदय यांस धोका उत्पन्न होतो. आणि शंभरच्या आसपासचा प्रवाह छातींतून कांहीं क्षण गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यु येऊं शकतो. पावसाळ्याच्या दमट दिवसांत, ओल्या फरशीवर अनवाणी बसून प्लग लावलेलें यंत्र उघडणें किती अविचाराचें आहे, हें या एका भागाकारावरून कळेल.

म्हणून पहिला नियम असा कीं, झांकणाच्या पहिल्या स्क्रूला हात लावण्यापूर्वीं प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. बटण बंद करणें पुरेसें नाहीं. त्याचीं कारणें तीन आहेत. रिमोटनें बंद केलेलें यंत्र खरोखर बंद नसतें. पुन्हां हुकूम मिळेल म्हणून त्याचा कांहीं भाग जागाच राहतो. दुसरें असें कीं, यंत्रावरचें बटण बंद केलें तरी त्या बटणापर्यंत येणाऱ्या तारांत वीज असतेच. तिसरें कारण घराच्या वायरिंगमधलें आहे. भिंतीवरचें बटण फेजच्या तारेंत असावें असा नियम आहे. पण घाईनें केलेल्या कामांत तें कधीं कधीं न्यूट्रलच्या तारेंत बसविलेलें आढळतें. अशा ठिकाणीं बटण बंद केल्यावर यंत्र थांबतें, त्याचा दिवा विझतो, आणि आंतल्या तारांत मात्र वीज पूर्वींसारखीच उभी असते. प्लग हातांत आला म्हणजे या तिन्ही शंका एकदम मिटतात.

काढलेला प्लग खालीं लोंबत ठेवूं नये. तो टेबलावर आपल्या नजरेसमोर ठेवावा. घरांत मुलें असतात, वडीलधारी मंडळी असतात. 'प्लग निघालेला दिसतो' असें म्हणून कोणीहि सद्भावनेनें तो पुन्हां लावूं शकतो. त्याचप्रमाणें हातांतील अंगठ्या, घड्याळ व धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. गळ्यांतील सांखळी किंवा मंगळसूत्र पुढें वांकतांना यंत्रांत लोंबणार नाहीं अशा बेतानें कपड्याच्या आंत घ्यावें, पदर खोंचावा, केंस बांधावेत.

दुसरा धोका प्लग काढल्यानंतरही शिल्लक राहणारा आहे, आणि अर्धवट माहिती असलेला मनुष्य नेमका येथें फसतो. अशा यंत्रांत कपॅसिटर नांवाचे डबीच्या आकाराचे लहानमोठे भाग असतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांस धारित्र म्हणतात. वीज सांठवून ठेवणें हें त्यांचें काम. ही कल्पना फार जुनी आहे. हॉलंडांतील लायडेन येथील प्राध्यापक मुशेनब्रूक यानें पाणी घातलेल्या कांचेच्या बरणींत घर्षणानें उत्पन्न केलेली वीज सांठविण्याचा प्रयोग केला, तेव्हां त्याला असा जबर धक्का बसला कीं, फ्रान्सचें राज्य मिळालें तरी हा प्रयोग आपण पुन्हां करणार नाहीं, असें त्यानें १७४६ सालीं एका फ्रेंच शास्त्रज्ञास पत्रानें कळविलें. आपल्या यंत्रांतील कपॅसिटर हा त्या बरणीचाच वंशज आहे.

जुन्या धाटणीच्या वजनदार सीडी यंत्रांत लोखंडी गाभ्याचा ट्रॅन्स्फॉर्मर असतो. तो २३० व्होल्टांचा दाब दहा-वीस व्होल्टांवर उतरवितो. मोठे कपॅसिटर त्याच्या पलीकडे असल्यामुळें त्यांचें फारसें भय नसतें. पण हलक्या वजनाचीं अनेक डीव्हीडी यंत्रें, टीव्ही व फोनचे चार्जर यांत निराळी रचना असते. तेथें भिंतींतील वीज उतरविण्यापूर्वींच एका दिशेनें वाहती करून कपॅसिटरांत भरली जाते. २३० व्होल्टांच्या विजेची लाट आपल्या शिखरावर सुमारें ३२५ व्होल्टांपर्यंत चढते, आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इतका भरला तर त्यांत पांच ज्यूलांहून किंचित् अधिक ऊर्जा असते. एक किलोचें वजन अर्ध्या मीटरवरून पडल्यास जेवढा आघात होईल, साधारण तेवढी. ती निमिषार्धांत बोटांतून जाते. दोन हातांच्या मधून, म्हणजे छातींतून गेली तर परिणाम गंभीर होऊं शकतो. आणि तसें झालें नाहीं तरी हात झटक्यानें मागें येऊन पत्र्याच्या कडेवर कापला जातो.

सुस्थितींतील यंत्रांत हा सांठा थोड्या वेळांत आपोआप ओसरतो. परंतु आपण उघडलेलें यंत्र बिघडलेलें आहे, हें विसरूं नये. जो भाग हा सांठा ओसरवितो, तोच कदाचित् निकामी झालेला असेल. सबब, झांकण काढल्यावर पांच-दहा मिनिटें थांबावें, आणि मग मल्टीमीटरनें त्या मोठ्या कपॅसिटरवरील दाब मोजावा. मीटर निदान सहाशे व्होल्टांच्या मर्यादेचा असावा, त्याच्या तारांचें वेष्टण अखंड असावें, आणि तो एकदिश दाबाच्या जागीं लावलेला असावा. मोजण्याच्या आधीं व नंतर तोच मीटर एखाद्या साध्या बॅटरीवर लावून पाहावा. कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवितो, आणि तें शून्य फार घातक असतें. दाब शिल्लक दिसला तर सुमारें दोन हजार ओहमचा व पांच-दहा वॅट क्षमतेचा रोधक, वेष्टित पकडींत धरून, कपॅसिटरच्या दोन टोकांवर कांहीं सेकंद टेकवावा आणि पुन्हां मोजावें. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं दिसते. ती सर्वथा त्याज्य आहे. तिच्यामुळें धातूचे तप्त कण डोळ्यांत उडतात आणि जवळचे नाजूक भाग जळतात. हा रोधकाचा प्रकार ज्याला जमणार नाहीं असें वाटतें, त्यानें येथेंच थांबून झांकण पुन्हां लावावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आतां तिसरा धोका, प्रकाशाचा. लेसर किरण प्रथम १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यानें निर्माण केला. बावीस वर्षांनीं तो तबकडीच्या यंत्रांतून दिवाणखान्यांत आला. तबकडीवर सूक्ष्म खळग्यांची एक नागमोडी नव्हे तर चक्राकार वाट असते. तिच्या दोन लगतच्या फेऱ्यांत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपटीहून थोडें अधिक अंतर असतें. इतकी बारीक लिपी वाचावयाची म्हणजे तितकाच बारीक प्रकाशबिंदु पाहिजे, आणि तो लेसरनेंच साधतो. सीडी यंत्रांतील किरणाची तरंगलांबी सुमारें ७८० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मनुष्याच्या डोळ्यास साधारणपणें चारशें ते सातशें नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश चांगला दिसतो. त्यामुळें सीडीचा किरण दिसलाच तर अगदीं मंद तांबूस ठिपक्यासारखा दिसतो, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं, एवढ्याशा उजेडानें काय होणार? प्रत्यक्षांत डोळ्यांत शिरणारा प्रकाश दिसतो त्याहून कितीतरी अधिक असतो. तीव्र प्रकाश दिसला म्हणजे पापणी सुमारें पाव सेकंदांत मिटते. हें निसर्गानें दिलेलें रक्षण आहे. पण जो प्रकाश नीट दिसतच नाहीं, त्यासाठीं पापणी मिटत नाहीं. शिवाय डोळ्याच्या आंतल्या पडद्यास वेदना कळत नाहीं; त्यामुळें इजा होत असतां ती जाणवतही नाहीं.

या भीतीचें माप मात्र योग्य असावें. केवळ तबकडी वाजविणाऱ्या यंत्रांतील भिंगाबाहेर पडणारा किरण बहुधा एक मिलिवॅटच्या आंतबाहेर असतो, आणि तो भिंगापासून थोड्याच अंतरावर एकत्र होऊन पुढें झपाट्यानें पसरतो. दूरवरून एकदां ओझरतें दिसल्यानें डोळा जाईल, असें नाहीं. परंतु ज्या यंत्रांत तबकडीवर नवीन मजकूर लिहितां येतो, त्यांचा लेसर कितीतरी पटींनीं प्रखर असतो. आणि ब्लू-रे यंत्रांत ४०५ नॅनोमीटरचा जांभळा किरण असतो. कोणत्या पेटींत कोणता लेसर आहे, हें बाहेरून नेहमींच कळत नाहीं. म्हणून एकच नियम सर्वांस लावावा. वीज चालू असतां भिंगासमोर डोळा नेऊं नये. आरसा, भिंग किंवा दुर्बीण घेऊन तर मुळींच नाहीं. अशा यंत्राच्या झांकणाशीं कित्येकदां एक लहान खटका असतो. झांकण उघडतांच तो लेसर बंद करतो. कागदाची घडी खुपसून हा खटका दाबून ठेवणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून ठेवून दार उघडें टाकण्यासारखें आहे.

खरें पाहतां, घरगुती दुरुस्तींत लेसर चालू ठेवून पाहण्याची गरजच क्वचित् पडते. तबकडी न वाचली जाण्याचें कारण पुष्कळदां भिंगावर सांचलेली धूळ असतें. प्लग काढून, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब घेऊन, भिंग पिसासारख्या हलक्या हातानें पुसावें. तबकडी ठेवण्याचा खण बाहेर येत नसेल, तर बहुधा त्याचा बारीक रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो बदलावा. हीं दोन्ही कामें वीज पूर्ण तोडूनच करावयाचीं आहेत. लेसरच्या शेजारीं एक इवलासा स्क्रू असतो व त्यानें किरणाची शक्ति वाढते, असें कोणी सांगितलें तरी त्यास हात लावूं नये. त्यानें लेसर लौकर मरतो, आणि किरणाचें माप आपल्या हातांत राहत नाहीं.

ज्यांस वीज चालू असतां तपासणी करावीच लागते, त्या अभ्यासू मंडळींस आणखी दोन शब्द. एकट्यानें असें काम करूं नये. घराचा मेन स्विच कोठें आहे हें ठाऊक असलेलें दुसरें मनुष्य खोलींत असावें. पायांत कोरडीं रबरी पादत्राणें असावींत, आणि एक हात पाठीमागें ठेवून एकाच हातानें मोजावें, म्हणजे छातींतून प्रवाहास वाट मिळत नाहीं. घरांत तीस मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसविली असेल तर उत्तमच; प्रवाह शरीरांतून जमिनीकडे गळूं लागतांच ती वीज तोडते. पण तिच्या भरंवशावर धीट होऊं नये. एक बोट फेजला व दुसरें न्यूट्रलला लागलें, तर तिला तें शरीर आणि दिवा यांतला भेद कळत नाहीं; आणि भरलेल्या कपॅसिटरपासून तर ती मुळींच वांचवूं शकत नाहीं. कारागीर वापरतात त्या सिरीज लॅम्पचेंही तसेंच आहे. तो यंत्रास जळण्यापासून वांचवितो, माणसास नव्हे.

कांहीं यंत्रें घरीं उघडूंच नयेत. मायक्रोवेव्ह ओव्हन हें त्यांत पहिलें. त्याच्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टांहून अधिक दाब असूं शकतो, आणि त्यामागचा ट्रॅन्स्फॉर्मर मोठा प्रवाह देण्यास समर्थ असतो. अशा धक्क्यानें मनुष्य दगावतो. जुन्या कांचेच्या नळीच्या रंगीत टीव्हींत वीस हजार व्होल्टांहून अधिक दाब असतो, तो बंद केल्यावरही नळींत टिकतो, आणि ती निर्वात नळी फुटली तर कांचा चहूंकडे उडतात. खिशांतल्या यंत्राची फुगलेली लिथियम बॅटरीही अशीच. ती टोंचूं नये, दाबूं नये, तिच्याखालीं पाती घालून उचकटूं नये.

दुरुस्ती संपली म्हणजे कर्तव्य संपलें असें नाहीं. आंतला फ्यूज उडालेला असेल तर तितक्याच अँपिअरचा घालावा. त्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें म्हणजे आगीस आमंत्रण देणें होय. आंतील प्लॅस्टिकचे पातळ पत्रे निरुपयोगी दिसले तरी ते जेथल्या तेथें बसवावेत; तारेस पत्रा लागूं नये म्हणूनच ते असतात. धातूच्या पेटीची अर्थिंगची हिरवी तार तोडून तीन पिनांऐवजीं दोन पिनांचा प्लग लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. कारण उद्यां त्या पेटीवर हात ठेवणारी व्यक्ति आपण नसून आपली आई, पत्नी किंवा नातवंड असेल. आपण पत्करलेला धोका त्यांनीं पत्करलेला नसतो. दुरुस्ती करणाऱ्याची खरी जबाबदारी ही आहे.

इतकेंही करून कोणास विजेनें धरलेंच, तर प्रथम त्या माणसास स्पर्श करूं नका. मेन स्विच बंद करा किंवा प्लग ओढून काढा. तें शक्य नसेल तर कोरड्या लांकडी काठीनें तार बाजूस सारा. यंत्र पेटलें तर त्यावर पाणी ओतूं नका. मनुष्य बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल तर लगेच ११२ किंवा १०८ या क्रमांकावर मदत मागवा, आणि ती येईपर्यंत छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात ठेवून मिनिटास शंभर ते एकशेंवीस या गतीनें, पांच-सहा सेंटिमीटर छाती दबेल इतक्या जोरानें दाबत राहा. ही क्रिया पुस्तकांतून येत नाहीं. जाणत्याकडून घरांतील दोघां-तिघांनीं आधींच शिकून घ्यावी.

सारांश असा कीं, प्लग काढून समोर ठेवा, थांबा, मोजा, भिंगासमोर डोळा नेऊं नका, आणि जेथें खात्री नाहीं तेथें झांकण लावून ठेवा. हीं पांच वाक्यें कागदावर लिहून हत्यारांच्या पेटीच्या झांकणास आंतून चिकटवून ठेवावींत, अशी माझी सूचना आहे. तबकडीवरचा आजोबांचा अभंग कोणीतरी दुरुस्त करून देईल, दोन दिवस उशिरानें ऐकूं. ऐकणारीं सर्व माणसें मात्र घरांत असलीं पाहिजेत.